होडी भंगारात जाणार नाही, आत्या

आत्या,

तुझ्या तेराव्याला जेवायला आलेल्या बहुतेकांनी तुला 'बिच्चारी' म्हटलं. महाराष्ट्र मंडळातल्या साठेकाकू म्हणाल्या, पुण्याहून आलेले काका म्हणाले. बँकेतून बदलीवर आलेलं ते नवीन जोडपं, ज्यांनी तुला गणपतीत काय ते ओझरतं पाहिलं असेल, तेही म्हणालं. "लग्न नाही, मूल नाही, शेवटी एक जुनी होडी घेऊन बसली होती बिच्चारी. त्या होडीनेच घात केला."

मी वाढत होते. वरणाचं भांडं खाली ठेवलं आणि म्हटलं, "ती बिच्चारी नव्हती. तिला होडी पाहिजे होती, तिने ती मिळवली. आपल्यापैकी कितीजणांना पाहिजे ते मिळालं?"

आईने स्वयंपाकघराच्या दारातून डोळे वटारले. मी माफी मागितली नाही, आणि मागणारही नाही. तू असतीस तर एवढंच म्हणाली असतीस, "नीलू, वरण गार होतंय, आधी वाढ." आणि मग आत येऊन पदर तोंडाला लावून हसली असतीस.

खरं सांगू का, त्या दिवशी मला रडण्यापेक्षा भांडायचंच जास्त होतं. अजूनही आहे. निम्मं त्यांच्याशी, निम्मं तुझ्याशी.

तुझी होडी बेहालाच्या आपल्या घराशेजारच्या मोकळ्या जागेत आली, तेव्हाचं तुझं तोंड मला आठवतंय. एका बोट क्लबाने ती मोडीत काढली होती. फायबरची, बुटक्या केबिनची, दोन्ही बाजूंना खिडक्या. तळाला शेवाळं, आत उंदरांची घरटी. क्रेनवाल्याने ती लाकडी ठोकळ्यांवर ठेवली आणि आख्खा पाडा, म्हणजे आपली सगळी वस्ती, जमला. "पिशी, एटा दिये की कोरबेन?" म्हणजे आत्या, हिचं काय करणार? बंगालीत आत्याला पिशी म्हणतात, त्यामुळे तू सगळ्या गल्लीची पिशी झाली होतीस. तू म्हणालीस, "गंगेत नेणार." लोक हसले. तूही हसलीस, पण तू त्यांच्यासारखी हसली नाहीस.

मग काम सुरू झालं, आणि काम म्हणजे काय, तर खरवडणं. त्या केबिनच्या खिडक्या गळत होत्या. ज्याच्या ज्याच्या ताब्यात ती होडी होती त्याने गळती दिसली की वरून आणखी सिलिकॉन थापलं होतं. पांढऱ्यावर काळं, काळ्यावर पारदर्शक, त्यावर पुन्हा पांढरं. तू पहिल्या दिवशी नखाने एक थर उचकटलास आणि मला दाखवलास. "बघ. एकानेही खालचं काढलं नाही. सिलिकॉनवर काहीच धरत नाही, रंग नाही, नवीन सीलंट नाही, खुद्द सिलिकॉनसुद्धा नाही. हे सगळं मुळापर्यंत काढायचं."

"सगळं?"

"मग काय, अर्धं?"

लोखंडी पात्याला तू हात लावू देत नव्हतीस. फायबरवरच्या चकचकीत थराला ओरखडा गेला की तिथून पाणी शिरतं, म्हणून तू बांबूच्या कामट्या तासून घेतल्या होत्यास, एका टोकाला छिन्नीसारखी धार. मी जोर लावून ओढायला लागले की ओरडायचीस, "खरवडायचं, नीलू, खरडायचं नाही!" मला दोन्ही शब्द एकच वाटायचे. इथे जन्मलेल्या माझ्यासारखीच्या मराठीला किती शब्द येणार? तू हातात कामटी धरून दाखवलंस. खरडणं म्हणजे ओरबाडल्यासारखं, खूण उमटेल असं. खरवडणं म्हणजे पातेल्याच्या बुडाची दुधाची खरवड काढतो तसं, भांड्याला न दुखवता. माझ्या शाळेतल्या मुलींना मी इंग्रजीतून भूगोल शिकवते, घराबाहेर बंगाली आणि हिंदी बोलते. माझं जे काही धड मराठी आहे ते त्या होडीखाली उकिडवं बसून शिकलेलं आहे. हे मी तुला कधी बोलून दाखवलं नाही. आता दाखवतेय.

एका भागाचं झालं की तू त्यावर पाणी शिंपडायचीस. पाणी सपाट पसरलं तर स्वच्छ. थेंब थेंब होऊन गोळा झालं तर सिलिकॉन अजून आहे, डोळ्यांना दिसत नसलं तरी आहे. थेंब झाले की तू मान हलवायचीस आणि पुन्हा पहिल्यापासून. कितीदा मला वाटायचं, ही बाई वेडी आहे. कितीदा मी ते म्हटलंही. तू म्हणायचीस, "असू दे. पाणी टाक."

हा हट्ट कुठून आला ते मला माहीत होतं. हावड्याच्या बाजूला एका खासगी बोटींच्या कारखान्यात तू आयुष्यभर ड्रॉइंग केलीस. लाँचच्या खिडक्या, झडपा, दारं तुझ्या टेबलावर कागदावर उतरायची. एका लाँचच्या पहिल्या फेरीला तू नवीन बूट घालून धक्क्यावर गेलीस. मालक म्हणाले, "मॅडम, जागा नाही हो." डेकवर मालकांचे मेहुणे बसले होते, शेजारच्या खुर्चीवर मिठाईचे खोके. खोक्यांना खुर्ची होती. लाँच नदीत जाऊन परत येईपर्यंत तू धक्क्यावर उभी राहिलीस आणि ती लागल्यावर उतरणाऱ्या प्रत्येकाला विचारलंस, "खिडक्या गळल्या का?" कुणीच पाहिलं नव्हतं.

ही गोष्ट तू नेहमी हसत सांगायचीस. नवीन बुटांपाशी आलीस की तर जास्तच. मला कधी हसू आलं नाही. मी म्हणायचे, तू भांडली का नाहीस? तू म्हणायचीस, "भांडून त्यांच्या लाँचमध्ये बसायचं? मला माझी पाहिजे." त्यानंतरही तू तिथेच नोकरी केलीस, निवृत्त होईपर्यंत, कुणाच्या ना कुणाच्या खिडक्या काढत. मग तू तुझी आणलीस. आणि हे लोक तुला बिच्चारी म्हणतात.

आता आपल्या भांडणाकडे येते, कारण ते तू अर्धं सोडून गेलीस.

मी हीट गन मागवली होती. गरम हवेने जुना चिकट थर मऊ पडतो आणि सरसर निघतो, असं मी पाहिलं होतं. तू म्हणालीस, "फायबर भाजेल. थर सुटतील. आणि सिलिकॉनला उष्णतेने काही होत नाही, मी कारखान्यात पाहिलंय." मी म्हटलं, कमी तापमानावर, हलवत राहायचं. तू एका खिडकीवर धरू दिलीस. काही झालं नाही. नुसता वास सुटला. तू जिंकल्यासारखं माझ्याकडे पाहिलंस.

मी म्हटलं, "इथे नाही झालं. पण केबिनच्या कडेला, कठड्याच्या लाकडी पट्टीखाली करून बघू."

"एकदा बघितलं ना?"

"एकदा बघून काय कळतं? तूच तर सतरांदा पाणी शिंपडतेस!"

"नीलू, होडी माझी आहे."

"मग तूच खरवडत बस!"

मी गन उचलून घरात आले. तू रात्री जेवताना माझ्याशी बोलली नाहीस, फक्त लोणच्याची बरणी माझ्याकडे सरकवलीस. सकाळी मी शाळेत गेले. तू होडीकडे गेलीस. दुपारी शाळेच्या ऑफिसात निरोप आला. पाड्याच्या क्लबातल्या तपनदाने तुला खिडकीखाली पडलेलं पाहिलं होतं. त्याने आणि पोरांनी तुला उचलून गाडीत घातलं, हॉस्पिटलात नेलं. मी पोचले तेव्हा तू शुद्धीवर नव्हतीस. संध्याकाळी तू गेलीस.

डॉक्टर म्हणाले, हृदय आधीपासूनच थकलेलं होतं. ते तुलाही माहीत होतं, आम्हालाही. पहिला झटका येऊन गेला होता, तू गोळ्या वेळेवर घेत होतीस, हलकं काम करायला परवानगी होती. बाबा हॉस्पिटलच्या बाकावर बसून एकच वाक्य बोलत होते. "हे हलकं काम होतं? हे हलकं काम होतं का?" त्यांची तू एकुलती एक बहीण. तुझ्याहून मोठे असून ते तुला घाबरायचे, हे तुला माहीत होतं.

दिवसकार्य झालं आणि त्यांनी कुणाला न विचारता भंगारवाल्याला बोलावलं. होडी कापूनच न्यावी लागणार होती, अख्खी गल्लीतून निघाली नसती, असं त्याचं म्हणणं. मी सकाळी बाल्कनीत आले तर खाली कटर घेतलेली दोन माणसं, बाबा आणि तपनदा. मी तशीच घरच्या कपड्यांत खाली उतरले, शिडी लावली आणि होडीत जाऊन बसले.

तपनदा म्हणाला, "दिदी, नेमे आशुन." खाली या.

मी म्हटलं, "आमि नामबो ना." नाही उतरणार.

बाबा खालून ओरडले, "नीलू, तमाशा नको! त्या होडीने माझी बहीण नेली!"

"होडीने नाही नेली, बाबा. तिचं हृदय बंद पडलं. ते तुमच्यासमोर टीव्ही बघतानाही बंद पडलं असतं. मग काय टीव्ही कापला असता?"

"तुला काय कळतंय? मी तिला रोज सांगत होतो, सोड हे. रोज!"

"आणि ती ऐकत नव्हती! मग आता ती गेल्यावर तरी तिचं ऐका!"

सगळी गल्ली पाहत होती. मला लाज वाटायला हवी होती, वाटली नाही. कटरवाले विडी पेटवून भिंतीला टेकले. शेवटी तपनदा बाबांकडे वळला आणि त्याच्या हिंदीत म्हणाला, "दादा, जगह तो क्लब का है। पिशी हमको बोली थी, सरस्वती पूजा के पहले हटा दूँगी। पिशी का जबान है। उतना टाइम तो उनका बनता है।" मग माझ्याकडे बोट करून, "लेकिन दिदी, पंडाल का बाँस आएगा तो हम कुछ नहीं सुनेगा।"

बाबा घरात निघून गेले. मला वाटतं, त्यांना माझा राग आला नव्हता. कुणीतरी त्यांना थांबवावं असंच त्यांना वाटत असावं. पण हे मी त्यांना विचारणार नाही.

थंडी सुरू झाली होती. मी शाळेतून आले की उजेड जाईपर्यंत होडीजवळ, आणि रविवारी सकाळपासून. पहिल्याच रविवारी मी काय केलं असेल? हीट गन काढली. कमी तापमान, हात हलता ठेवून, कठड्याच्या त्या लाकडी पट्टीखाली. आणि आत्या, ते तपकिरी चिकट थर मऊ पडले. कामटी लावली तर लांबच्या लांब फितीसारखे निघाले. खालचं फायबर शाबूत, भाजलं नाही, थर सुटले नाहीत. मी होडीच्या पाठीवर उभी राहून मोठ्याने म्हणाले, "आत्या, तू चुकलीस!" समोरच्या घरातल्या काकू बाहेर येऊन पाहायला लागल्या.

मग त्याच तोऱ्यात मी खिडक्यांकडे वळले. गन धरली, धरली, धरून हात दुखला. काही होईना. तू म्हणालीस तसंच, नुसता वास.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पट्टीखाली होतं ते सिलिकॉन नव्हतंच. पट्टी ज्या गोंदाने बसवली होती तो वेगळा, तो उष्णतेने ढिला पडणारा. खिडक्यांचं सिलिकॉन, त्याला उष्णतेचं काही नाही. आपण दोघी दोन वेगळ्या गोष्टींबद्दल भांडत होतो, आणि दोघींनाही ते कळलं नाही. तू एक दिवस थांबली असतीस तर मी तुला हे दाखवलं असतं, आणि तू म्हणाली असतीस, "म्हणजे माझंच खरं." आणि मी म्हटलं असतं, "अर्धं." मी ओल्या बोळ्याने खिडकी पुसत उभी राहिले आणि तेव्हा मला रडू आलं, तेराव्याला जे आलं नव्हतं ते सगळं.

पण तुला सांगते, मी हट्ट सोडला नाही. पट्टीपुरतं माझंच खरं होतं.

खिडक्या मग तुझ्याच पद्धतीने केल्या. सिलिकॉन मऊ करणारं द्रावण आधी एका कोपऱ्यात लावून पाहिलं, खिडकीचं काचेसारखं प्लास्टिक पांढरं पडत नाही ना ते बघितलं, मग लावून ठेवलं, मग कामटी, मग घासणं, मग अल्कोहोलने पुसणं, मग पाणी. थेंब झाले, पुन्हा. थेंब झाले, पुन्हा. चौकटीच्या कोपऱ्यांत दात कोरायच्या काडीने काढलं. बोटांची टोकं सोलवटली. शाळेत फळ्यावर लिहिताना खडू टोचायचा. मुली विचारायच्या, मिस, हाताला काय झालं? मी म्हणायचे, बोट दुरुस्त करतेय. त्यांना बोट म्हणजे फक्त होडी. मराठीत हाताचंही बोटच असतं, पण हा विनोद त्यांना कसा समजावणार? तुला समजला असता.

ज्या दिवशी शेवटच्या खिडकीवर पाणी सपाट पसरलं, त्या दिवशी मी कुणालाही सांगितलं नाही. नुसती बघत बसले. मग कडेला टेप लावून नवीन सीलंट भरलं. हवा कोरडी, थंडी, त्यामुळे वाळायला त्याने पाहिजे तेवढा वेळ घेतला. तपनदा रोज येऊन विचारायचा, "होलो?" मी म्हणायचे, नाही झालं.

मग पाण्याची परीक्षा. बाहेरून नळीने पाणी मारायचं आणि आत कुणीतरी बसून बघायचं. आत बसायला मला कुणी नव्हतं. आई गुडघ्यांमुळे शिडी चढत नाही. मी बाबांपुढे जाऊन उभी राहिले. म्हटलं, "आत बसायला माणूस पाहिजे."

ते वर्तमानपत्र वाचत होते. हातातलं पान संपवलं. मग उठले, चष्मा पुसला, स्वेटर घातला आणि शिडी चढले. पहिल्यांदाच, आत्या. तू असताना ते एकदाही चढले नव्हते.

मी नळी सोडली. एक बाजू झाली, दुसरी झाली. आतून काही आवाज नाही. मला भीती वाटली, त्यांना आत एकटं बसवायला नको होतं. मी पाणी बंद केलं आणि हाक मारली, "बाबा?"

आतून त्यांचा आवाज आला, घोगरा, पण ओरडूनच. "बंद का केलंस? उजव्या हाताची मागची खिडकी, तिथे अजून मार. खालून वर मार! ती एवढ्यावर गप्प बसली असती का?"

मी मारलं. खालून वर, वरून खाली, टाकी रिकामी होईपर्यंत. खिडक्या गळल्या नाहीत, आत्या. एकही नाही. या वेळी आत बसून पाहणारा माणूस होता.

मांडवाचे बांबू येण्याच्या आदल्या आठवड्यात क्रेन आली. भंगारवाला म्हणाला होता अख्खी निघणार नाही, तर निघाली. तपनदाने गल्लीतल्या दोन तारा बांबूने वर उचलून धरायला माणसं उभी केली. कागदपत्रांची धावपळ तू आधीच संपवून ठेवली होतीस, ते बरं झालं. गार्डन रीचच्या अलीकडे एका घाटावर मंटूदा नावाच्या नाववाल्याने इंजिन बसवून दिलं, आणि पहिल्या फेरीला तेच सुकाणूवर बसायचं ठरलं. भरतीचं पाणी संथ व्हायची वाट पाहिली. साठेकाकू आल्या नव्हत्या, पुण्याच्या काकांनी फोनवर 'सांभाळून' म्हटलं. बाबांना मी विचारलंच नाही. ते लाइफ जॅकेट घालून, माझ्या आधी चढून, केबिनच्या दारात बसले होते.

मंटूदांनी इंजिन सुरू केलं. घाट मागे गेला. नदी तपकिरी, ऊन सौम्य, काठावर उंच क्रेनांची रांग. मी आत जाऊन प्रत्येक खिडकीच्या खाली बोट फिरवून आले. कोरडं. बाहेर आले तर बाबा मान वर करून वारा घेत होते आणि डोळे पुसायचेही विसरले होते.

मधोमध आलो तेव्हा माणसांनी भरलेली फेरीची लाँच आपल्या बाजूने चालली होती. कठड्याला टेकलेल्या एका माणसाने हात हलवून आनंदाने विचारलं, "कार बोट?" कुणाची बोट?

मी तोंड उघडण्याआधी बाबा उभे राहिले. त्यांचं बंगाली तुला माहीतच आहे, चाळीस वेळा हसायचीस. सगळ्या नदीला ऐकू जाईल असे ते ओरडले, "आमार बोनेर!" माझ्या बहिणीची.

"ता, बोन कोथाय?" त्या माणसाने हसत विचारलं. मग बहीण कुठे आहे?

बाबा उभेच राहिले. त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. मी मंटूदांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हटलं, वेग वाढवा. त्यांनी वाढवला. आणि आत्या, आपण त्या लाँचच्या पुढे निघून गेलो.